नांवाची कुळकथा : इतेवॉन

आमच्या घरीं रात्रींचीं जेवणें आटोपलीं म्हणजे ओटीवर घटकाभर बसण्याचा परिपाठ आहे. मातुःश्री वाती वळतात, मुलें अभ्यासाची वही घेऊन उगाच रेंगाळतात, आणि दिवसभरांत वाचलेलें कोणीतरी सांगूं लागतो. परवां आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीनें, जी यंदा कॉलेजांत इतिहास घेऊन बसली आहे, एक प्रश्न टाकला. "काका, दक्षिण कोरियाच्या राजधानींत इतेवॉन म्हणून एक पेठ आहे. एका पुस्तकांत तिच्या नांवाचा अर्थ 'नासपतींची धर्मशाळा' असा दिला आहे; दुसऱ्यांत 'परक्या गर्भांचें घर' असा. एकाच नांवाचे इतके दूरचे दोन अर्थ कसे व्हावेत? आणि त्यांतला खरा कोणता?"

दुसरा अर्थ कानीं पडतांच मातुःश्रींचा वातीवरील हात थांबला. आम्हीं त्या रात्रीं दिलेलें उत्तर त्रोटक होतें. म्हणून तेंच या महिन्यांत वाचकांपुढें जरा विस्तारानें मांडतों. या सदरांत नांवांच्या कथा सांगतांना एक धोक्याची सूचना आम्ही नेहमीं देत आलों आहों: जी कथा फार गोड किंवा फार भयंकर, ती आधीं तपासून घ्यावी. इतेवॉनच्या बाबतींत या दोन्ही कथा एकाच नांवाला चिकटल्या आहेत, त्यामुळें तपासणीही दुहेरी करावी लागते.

कोरिया हा देश आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. १९५३ सालीं तेथील युद्ध थांबल्यावर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठीं भारतानें जें सैन्य पाठविलें, त्याचे सेनापति महाराष्ट्राचे मेजर जनरल थोरात हे होते. पण युद्धाच्या बातम्यांतून ओळख झालेल्या देशाचीं गांवें व पेठा आपणांस फक्त नकाशावरील ठिपके म्हणून माहीत होतात. त्यांतील एका ठिपक्याची ही कथा आहे.

सोल शहराच्या मध्यभागीं नामसान नांवाची टेकडी आहे. नामसान म्हणजे 'दक्षिणेचा डोंगर'. आज शहर हान नदी ओलांडून पलीकडे दूरवर पसरलें आहे, तरी जुन्या तटबंदीच्या राजधानीला ही टेकडी दक्षिणेस होती आणि तिचें नांव त्या काळचें आहे. या टेकडीच्या दक्षिण उतारावरून नदीकडे जी वस्ती उतरत जाते, तींत इतेवॉन येतें. राजधानीच्या वेशीबाहेर, परंतु वेशीला लागून, असें हें स्थान आहे. पुढें जें जें घडलें त्याचें निम्में कारण या एका गोष्टींत आहे.

आतां नांवाच्या अक्षरांकडे वळूं. कोरियन लोकांची हांगुल ही लिपि सेजोंग राजानें १४४६ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांत उच्चार जसाच्या तसा लिहितां येतो. परंतु दरबार, कायदा आणि विद्वान् यांचें लेखन त्यानंतरही शतकानुशतकें चिनी अक्षरांतच चाललें. आपल्याकडे लोकभाषा वेगळी असतांना शास्त्रग्रंथ संस्कृतांत लिहीत, त्यासारखाच हा प्रकार. चिनी अक्षर हें केवळ ध्वनीचें चिन्ह नसून अर्थाचें चिन्ह असतें, आणि एकाच ध्वनीचीं अनेक अक्षरें असूं शकतात. मराठींत 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सारा, असे दोन शब्द आपण एकाच तऱ्हेनें लिहितों व संदर्भावरून अर्थ ओळखतों. चिनी अक्षरांत हे दोन 'कर' दोन निराळ्या आकृतींनीं लिहिले जातील. म्हणजेच उच्चार तोच ठेवून एखाद्यानें आकृति बदलली, तर बोलणाराच्या तोंडीं नांव तेंच राहतें आणि वाचणाराच्या डोळ्यांपुढें अर्थ मात्र पालटतो.

इतेवॉन या नांवांत तीन अक्षरें आहेत. शेवटचें 'वॉन' म्हणजे धर्मशाळा किंवा पांथस्थांचें घर. त्याबद्दल वाद नाहीं. वाद आहे तो पहिल्या दोहोंबद्दल. 'इ' या उच्चाराचें एक अक्षर ई या अतिप्रसिद्ध कोरियन कुळनामाचें आहे. दुसऱ्याचा अर्थ नासपतीचें झाड. तिसऱ्याचा अर्थ 'निराळा, परका'. 'ते' या उच्चाराच्या एका अक्षराचा अर्थ विशाल, स्वस्थ, शांत असा आहे. दुसऱ्याचा अर्थ गर्भ. आज सरकारी दप्तरांत नासपतीचें व शांततेचें अक्षर लिहितात. परकेपणाचें व गर्भाचें अक्षर घेतलें, कीं दुसरी भयंकर कथा निघते.

प्रथम धर्मशाळेविषयीं. जोसन घराण्याच्या राज्यांत राजमार्गांवर ठराविक अंतरावर सरकारी घोड्यांचीं ठाणीं असत. राजाच्या कामावर निघालेल्या अधिकाऱ्याजवळ कांशाची एक वाटोळी मुद्रा असे व तिच्यावर घोडे कोरलेले असत. जितके घोडे कोरलेले, तितके त्यानें ठाण्यांतून मागावेत. या ठाण्यांच्या जोडीला, मुक्कामासाठीं, 'वॉन' असत. राजधानीच्या भोंवतीं असे चार प्रसिद्ध होते: पूर्वेच्या वेशीबाहेर बोजेवॉन, वायव्येस चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होंगजेवॉन, आग्नेयेकडे जनग्वानवॉन, आणि दक्षिणेकडील प्रांतांकडे जाणाऱ्या मार्गावर इतेवॉन. मूळची ती धर्मशाळा आजच्या पेठेच्या जरा पश्चिमेस, हल्लीं जेथें योंगसान हायस्कूल आहे त्या बाजूला होती. धर्मशाळा गेली, नांव मात्र टेकडीच्या कडेकडेनें सरकत आजच्या जागीं येऊन बसलें.

पंधराव्या शतकांतील विद्वान् सोंग ह्यॉन यानें आपल्या टिपणांच्या ग्रंथांत या परिसराचें वर्णन केलें आहे. डोंगरांतून झरा वाहतो, दरींत मोठमोठे पाइन वृक्ष आहेत, आणि शहरांतील बायका धुणें घेऊन तेथें जमतात, असें त्यांत आहे. हें वर्णन वाचलें म्हणजे घाटावरची सकाळ डोळ्यांपुढें उभी राहते. वाचकांनीं हें चित्र लक्षांत ठेवावें, कारण या नांवाच्या कथेंत स्त्रिया प्रथम येतात त्या अशा, हंसत बोलत कपडे आपटणाऱ्या.

आतां ती दुसरी कथा. १५९२ सालीं जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचें सैन्य बुसानच्या किनाऱ्यावर उतरलें आणि अवघ्या वीस दिवसांत राजधानींत शिरलें. राजा सोन्जो उत्तरेकडे पळून गेला. शेवटीं चीनच्या सीमेवर त्याला आश्रय घ्यावा लागला. युद्ध १५९८ पर्यंत चाललें. परंपरा अशी सांगते, कीं इतेवॉनजवळ भिक्षुणींचा एक विहार होता. जपानी सैनिकांनीं तेथें तळ दिला, भिक्षुणींवर व आसपासच्या स्त्रियांवर अत्याचार केले, आणि निघून जातांना विहार जाळला. ज्यांना जाण्यास ठिकाण उरलें नाहीं त्या स्त्रिया झोंपड्या बांधून तेथेंच राहिल्या. त्यांना मुलें झालीं. शहरांतील लोक त्या वस्तीस 'परक्या गर्भांची धर्मशाळा' म्हणूं लागले. उच्चार तोच, इतेवॉन. याच कथेचा एक सौम्य पाठ असा आहे, कीं शस्त्र ठेवून कोरियांतच राहिलेल्या जपानी सैनिकांना या भागांत वसविलें, आणि 'परके लोक' या अर्थाच्या 'इ-ता-इन' या शब्दावरून नांव पडलें.

ही कथा खरी मानावी काय? नांवाची उत्पत्ति म्हणून विचाराल, तर मानतां येत नाहीं. आणि त्याचें कारण साधें आहे. सोंग ह्यॉन हा १५०४ सालीं वारला. कोरियाच्या भूगोलाचा जो मोठा सरकारी ग्रंथ १५३० सालीं सिद्ध झाला, त्यांतही या धर्मशाळेचा उल्लेख आहे. जपानी सैन्य उतरलें तें त्यानंतर साठ वर्षांनीं. जें नांव युद्धापूर्वीं कागदावर होतें, तें युद्धामुळें पडलें असें म्हणणें म्हणजे नातवाच्या बारशाला आजोबांचें नांव ठेवलें गेलें असें म्हणण्यासारखें आहे. जुन्या लेखनांत पहिलें अक्षर कुळनामाचें असे, असें जाणकार सांगतात. मग नासपतीचें अक्षर केव्हां आलें? तर १६४९ ते १६५९ या काळांत राज्य करणाऱ्या ह्योजोंग राजाच्या वेळीं त्या उतारावर नासपतीचीं झाडें पुष्कळ लागलीं व त्यावरून तें अक्षर रूढ झालें, असें परंपरा म्हणते.

येथें कोणी म्हणेल, मग झालें तर! भयंकर कथा खोटी ठरली, गोड कथा उरली, प्रश्न मिटला. पण आम्हांस तसें वाटत नाहीं. नांव कसें पडलें याचें उत्तर ती कथा देत नसली, तरी लोकांनीं नांवांत काय ऐकलें हें ती सांगते. निरुपद्रवी अशा एका जुन्या नांवांत सबंध शहराला 'परका गर्भ' हे शब्द ऐकूं येऊं लागले, ते कांहीं पाहिल्याशिवाय नव्हेत. आणि यांतली बोंचणारी गोष्ट ही, कीं ज्या नांवानें अत्याचार करणाऱ्याला दूषण द्यावयाचें, त्या नांवानें आईला व मुलाला दूषण दिलें. सैनिक परत गेले. कलंक वस्तीवर राहिला.

हें केवळ तर्कानें म्हणावें लागत नाहीं, कारण चाळीस वर्षांनीं तसाच प्रसंग पुन्हां आला, आणि या वेळीं त्याची नोंद दरबारच्या दप्तरांत सविस्तर झाली. १६३६ च्या हिवाळ्यांत मांचू सैन्यानें कोरियावर स्वारी केली. राजा इन्जो डोंगरी किल्ल्यांत अडकला आणि १६३७ च्या आरंभीं हान नदीच्या कांठीं शत्रूपुढें नमून शरण गेला. हजारों स्त्रीपुरुष कैदी होऊन शेनयांग शहराकडे हांकले गेले. त्यांच्या घरच्यांनीं पैसे भरून त्यांना सोडवून आणावें, असा व्यवहार सुरू झाला. अशा रीतीनें परतलेल्या स्त्रियांना 'ह्वानह्यांगन्यो', म्हणजे 'घरीं परतलेली स्त्री', असें म्हणत. शब्द किती साधा, किती मंगल! पण घर म्हणावें तें त्यांच्यासाठीं उघडें होतेंच असें नाहीं.

१६३८ सालीं राजापुढें एकाच वेळीं दोन अर्ज आले. एक मंत्री जांग यू याचा. त्याच्या एकुलत्या एका मुलाची बायको गांगह्वा बेटाच्या पाडावांत पकडली गेली होती व आतां सुटून येऊन माहेरीं राहिली होती. जांग यू याचें म्हणणें असें, कीं अशा सुनेबरोबर पितरांची पूजा करणें शक्य नाहीं. सबब मुलास काडीमोड घेऊन दुसरें लग्न करण्याची परवानगी मिळावी. दुसरा अर्ज हान ई-ग्योम नांवाच्या गृहस्थाचा. त्याचीही मुलगी पकडली जाऊन सोडवून आणलेली. तिला टाकून जांवई दुसरें लग्न करूं पाहतो, याबद्दल त्याची तक्रार. एका कागदावर सासरा बोलत होता, दुसऱ्या कागदावर बाप. वाचकहो, ज्या घरांत सुनाही आहेत आणि लेकीही आहेत, त्या घराला हे दोन्ही कागद एकाच पेटींत ठेवून पाहतां येतील.

दरबारांत या स्त्रियांची बाजू चे म्योंग-गिल या मंत्र्यानें घेतली. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: सोन्जो राजाच्या वेळीं, जपानी युद्धानंतर, अशा काडीमोडीस परवानगी दिली नव्हती, तोच दाखला पाळावा. पकडली गेलेली प्रत्येक स्त्री भ्रष्ट झाली असें गृहीत धरणें अन्याय आहे. धांदलींत किती जणींवर खोटा ठपका आला असेल कोणास ठाऊक. आणि एकदां का काडीमोडीस मुभा दिली, तर आपल्या बायकांना सोडवून आणण्यास पुढें कोण पैसे भरील? एकाची इच्छा पुरविण्यासाठीं शेंकडों स्त्रियांना परमुलुखांत मरूं द्यावयाचें, हें राज्यकर्त्याचें काम नव्हे. राजानें हा सल्ला मानला व जांग यू याचा अर्ज फेटाळला.

कायदा असा स्त्रियांच्या बाजूनें लागला. घरें मात्र लागलीं नाहींत. दरबारी इतिहास लिहिणाऱ्यानें त्याच नोंदींत चे म्योंग-गिल याच्यावर कडक टीका केली आहे: यानें शंभर वर्षांच्या चालीरीति बुडविल्या, असा तिचा आशय. आणि पुढें तो निर्विकारपणें लिहून ठेवतो, कीं यानंतर घरंदाज कुळांतील मुलांनीं दुसरीं लग्नें केलीं. परतलेल्या पत्नीशीं पुन्हां संसार मांडणारा कोणी निघाला नाहीं. जांग यू लौकरच वारला. १६४० सालीं त्याच्या विधवेनें पुन्हां अर्ज केला, आणि या खेपेस कारण बदललें: सून सासूसासऱ्यांशीं नीट वागत नाहीं. राजानें, हा दाखला इतरांस लागूं होणार नाहीं असें बजावून, त्या घरापुरती परवानगी दिली. कारण बदललें कीं काम होतें, ही युक्ति कोणत्या देशांत अपरिचित आहे?

आतां या घराची आणखी एक गोष्ट सांगतों, म्हणजे नासपतीच्या झाडांपर्यंत आपण पुन्हां येऊं. जांग यू याला मुलगीही होती. ती राजा इन्जोच्या एका मुलाला दिली होती. पराभवानंतर मांचूंनीं राजपुत्र ओलीस मागितले, तेव्हां १६३७ सालीं हा राजपुत्र आपल्या या पत्नीसह शेनयांगला गेला व आठ वर्षें तेथें राहिला. त्यांचा मुलगा तेथेंच, १६४१ सालीं, जन्मला. १६४५ सालीं तीं उभयतां परत आलीं, आणि १६४९ सालीं तो राजपुत्र ह्योजोंग या नांवानें गादीवर बसला. पत्नी इन्सन राणी झाली. शेनयांगला जन्मलेला मुलगाही पुढें राजा झाला. म्हणजे एकाच घरांतील दोन तरुण स्त्रिया एकाच शत्रूच्या हातीं पडल्या. लेक ओलीस म्हणून गेली आणि राणी होऊन आली. सून कैदी म्हणून गेली आणि माहेरच्या ओसरीवर राहिली. दोघींपैकीं एकीनेंही आपण होऊन कांहीं केलें नव्हतें.

आणि ज्याच्या कारकीर्दींत इतेवॉनला नासपतीचें अक्षर आलें असें म्हणतात, तो हाच ह्योजोंग. त्यानें तें जाणून केलें, कीं आपोआप झालें, हें परंपरा सांगत नाहीं, आणि आम्हीही पदरचें घालीत नाहीं. मात्र वायव्येच्या होंगजेवॉनशीं निगडित एक दंतकथा त्याच धर्तीची आहे. परतलेल्या स्त्रियांनीं राजधानींत शिरण्यापूर्वीं होंगजेवॉनच्या ओढ्यांत स्नान करावें, म्हणजे त्या शुद्ध झाल्या. मग त्यांना कोणी कांहीं विचारूं नये, असा हुकूम राजानें काढला, असें लोक सांगतात. कोठें ओढ्याच्या पाण्यानें, कोठें झाडाच्या नांवानें, लोकांच्या मनानें या स्त्रियांसाठीं एक वाट काढून ठेवली, असें म्हणावें. परंतु वाट शुद्ध होण्याची होती. ज्यांना शुद्ध होण्याची गरजच नव्हती, त्यांना ती सांगितली गेली, हें विसरतां कामा नये.

नंतरच्या काळांत इतेवॉनच्या शेजारची सपाट जमीन परकीय सैन्यांना जणूं आंदणच मिळाली. राजधानीशीं लागून, नदीच्या जवळ, दक्षिणेच्या रस्त्यावर. छावणीला याहून सोयीची जागा कोणती? १८८२ सालीं चिनी फौजेनें योंगसान भागांत तळ दिला. १९०४ च्या रशिया-जपान युद्धापासून जपाननें तेथें कायमची छावणी बांधली, आणि आसपासचीं खेडीं हलविलीं. १९४५ सालीं जपान हरल्यावर त्याच बराकींत अमेरिकन सैन्य आलें, आणि १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर तेथेंच राहिलें. छावणीच्या दारापाशीं शिंपी, चामड्याच्या वस्तूंचे दुकानदार, खाणावळी व मद्यगृहें यांची बाजारपेठ उभी राहिली. हेंच आजचें इतेवॉन.

आणि मग त्या जुन्या कथेनें तिसऱ्यांदा डोकें वर काढलें. देशांतील निरनिराळ्या छावण्यांभोंवतीं दारिद्र्यानें लोटलेल्या स्त्रियांच्या वस्त्या वाढल्या. त्यांना परदेशी सैनिकांपासून झालेल्या मुलांना शाळेंत, शेजारांत जागा नव्हती. १९५० नंतरच्या दशकांत अशीं अनेक मुलें दत्तक म्हणून परदेशीं पाठविलीं गेलीं. आई घरांत नको, मूल देशांत नको. तीन शतकांपूर्वींची 'परक्या गर्भा'ची भाषा शब्द बदलून पुन्हां चालूं झाली. त्या स्त्रिया वृद्ध झाल्यावर त्यांच्यांतील कांहींनीं सरकारवर दावा लावला, आणि सप्टेंबर २०२२ मध्यें कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानें त्या वस्त्यांना उत्तेजन दिल्याची जबाबदारी सरकारवर ठेवून नुकसानभरपाई मंजूर केली. चे म्योंग-गिल याला ही बातमी कळती, तर त्यानें काय म्हटलें असतें कोण जाणे. एवढें मात्र खरें, कीं या वेळीं स्त्रियांच्या वतीनें बापाला अर्ज करावा लागला नाहीं. त्यांनीं तो स्वतः केला.

परकेपणाचा कलंक वाहणाऱ्या या पेठेनें पुढें परक्यांना जागा दिली, हें तिच्या चरित्रांतील आनंदाचें प्रकरण आहे. १९७६ सालीं तेथील टेकडीवर सोलची मोठी मशीद उघडली, आणि तिच्या भोंवतीं निरनिराळ्या देशांचे मुसलमान व्यापारी राहूं लागले. १९८८ च्या ऑलिंपिक सामन्यांनीं पेठेचें नांव जगभर गेलें. १९९७ सालीं सरकारनें तिला प्रवाशांसाठींचें खास क्षेत्र म्हणून जाहीर केलें. २०१८ सालीं अमेरिकन सैन्याचें मुख्य ठाणें दक्षिणेस प्योंगतेक येथें गेलें. कोरियन तरुणांना जग पाहावयाचें असेल, तर त्यांनीं इतेवॉनच्या गल्ल्यांतून फिरावें, अशी तिची कीर्ति झाली.

अशाच एका संध्याकाळीं, २९ ऑक्टोबर २०२२ रोजीं, हॅलोविनच्या उत्सवासाठीं लाखाच्या वर लोक तेथें लोटले. मुख्य रस्त्याकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लींत गर्दी दोन्ही बाजूंनीं दाटली. सायंकाळीं साडेसहापासून लोकांनीं पोलिसांस फोन करून धोक्याची कल्पना दिली होती. रात्रीं दहानंतर व्हावयाचें तें झालें. या आपत्तींतील मृतांची संख्या पुढें १५९ धरली गेली. बहुतेक सर्व ऐन तारुण्यांतील, आणि सुमारें दोन-तृतीयांश मुली.

त्यानंतर जें झालें त्यांतही नांवाचा प्रश्न आला, आणि म्हणूनच ही हकीकत या सदराची आहे. आरंभीं सरकारी कागदांत 'अपघात' व 'मृत' हे शब्द वापरले गेले. नातेवाईक म्हणाले, अपघात नव्हे. हा अनर्थ आहे, आणि आमचीं मुलें त्याचे बळी आहेत. आणखी एक नाजूक मुद्दा निघाला. या अनर्थाला 'इतेवॉन' म्हणावें काय? मनोव्यथेच्या तज्ज्ञांनीं सुचविलें, कीं स्थळाचें नांव दिल्यानें त्या पेठेवर व तेथें राहणाऱ्यांवर कायमचा डाग बसतो. तारखेचें नांव द्यावें. कांहीं वृत्तसंस्थांनीं तें मानून नुसती तारीख लिहिण्यास आरंभ केला. २०२३ सालीं त्या गल्लीला 'स्मृति आणि सुरक्षिततेची वाट' अशी पाटी लागली. २०२४ सालीं सत्यशोधनासाठीं जो खास कायदा झाला, त्याच्या नांवांत तारीखही आहे आणि इतेवॉनही आहे.

आम्हांस हा शेवटचा निर्णय शहाणपणाचा वाटतो. डाग लागूं नये म्हणून नांव झांकावें, तर झालेलें विसरण्याची सोय होते. नांव उघडें ठेवावें, तर जे निरपराध त्यांनाच तें टोंचतें. सतराव्या शतकांत हा पेंच नासपतीच्या अक्षरानें सुटला, किंवा सुटल्यासारखा दिसला. आज तीही सोय उरली नाहीं. हल्लीं कोरियांत बहुतेक व्यवहार हांगुलांत चालतो, आणि हांगुलांत नुसता उच्चार लिहिलेला असतो: इ, ते, वॉन. त्यांत नासपतीही दिसत नाहीं आणि गर्भही दिसत नाहीं. काय ऐकावयाचें तें वाचणारानें ठरवावयाचें.

पुतणीला आम्हीं सांगितलें तें एवढेंच: नांव धर्मशाळेचें आहे आणि ती दोन्ही कथांहून जुनी आहे, पण दोन्ही कथा माणसांच्या आहेत, म्हणून दोन्ही जपून ठेवाव्या. तिनें वहींत तसें लिहून घेतलें. मातुःश्रींनीं इतका वेळ हातांत धरलेली वात पुरी केली आणि तबकांत ठेवीत म्हणाल्या, "नासपतीचें नांव दिलें तें बरेंच केलें हो. पण त्या पोरींना तेव्हांच घरांत घेतलें असतें, तर झाडांच्या आड लपायची पाळी कोणावर आली असती?"

ओटीवर कोणीच कांहीं बोललें नाहीं. आमच्या वहिनी उठल्या आणि त्यांनीं दाराशीं जाऊन, धाकटी अजून क्लासहून आली नव्हती म्हणून, बाहेरचा दिवा लावला.